चारही चाकं जुंपलेली

लंबूने जीप घेतली आणि पहिल्याच दिवशी कळलं, ती त्याच्या मापाची नाही. जुनी, जपानी, काडेपेटीएवढी, आणि हा ताडमाड. गुडघे स्टिअरिंगला, डोकं छताला. पण स्वारी काय खूश, विचारू नका. डोंगरावरच्या मोबाइल टॉवरला डिझेल पोचवायचं काम होतं, आणि ते स्वतःची फोर-व्हील गाडी असेल त्यालाच मिळणार होतं. हा कैक वर्षं घरी बसलेला. दादाने आपली मोटारसायकल विकून पैसे याच्या हातात ठेवले आणि एक शब्द बोलला नाही. तेच तर जड जात होतं ना.

विकणारा म्हणालेला, "पुढची चाकं जोडायचा हा छोटा दांडा अधूनमधून वापरत जा, नाहीतर जाम होतो." लंबूने दांडा ओढला तो ओढलाच. गुळगुळीत डांबर असलं तरी चारही चाकं कायम जुंपलेली.

एकदा वहिनी शेजारी बसली. वळणावर गाडी हिसके द्यायला लागली.

"भावजी, ही का रुसलीय?"

"रुसली नाही, दणकट आहे. चारही चाकं ओढतायत."

"मग दोनच चालवा की."

"म्हणजे दोघांनी राबायचं आणि दोघांनी फुकट बसायचं?"

"आपल्या घरात चालतंच की," वहिनी बोलून गेली आणि तिने जीभ चावली. लंबू हसला, पण आता तर त्या दांड्याला मुळीच हात लावणार नव्हता.

मग आला ट्रायलचा दिवस. शेजारी टॉवरवाल्यांचा सुपरवायझर, मागे डिझेलचे कॅन. कच्चा रस्ता सुरू व्हायच्या आधीचं शेवटचं वळण, लंबूने स्टिअरिंग पूर्ण फिरवलं, आणि खालून असा आवाज आला, जणू लोखंडी कपाट जिन्यावरून सुटलं. गाडी तिथेच ठप्प.

मेकॅनिक आला, खाली शिरला, बऱ्याच वेळाने बाहेर आला.

"सुक्या डांबरावर फोर-व्हील लावून फिरायचास?"

"रोज. जाम होऊ नये म्हणून."

"अरे, ते चिखलासाठी असतं. डांबरावर पुढची आणि मागची चाकं एकमेकांना खेचत बसतात. आतले गिअर गेले सगळे."

"होईल ना पण?"

"हिचे पार्ट येत नाहीत आता. बघू." आणि 'बघू' म्हणताना तो हत्यारं आवरत होता.

तोवर सुपरवायझरने दुसऱ्याची जीप बोलावलेली. कॅन तिच्यात चढले, पण लंबूची गाडी रस्त्यात आडवी. सगळ्यांनी ढकलली, लंबूनेही जोर लावला. चाकं अडून बसलेली, फिरेचनात. शेवटी दुसऱ्या ड्रायव्हरने दोर बांधून, रस्त्यावर रबराचे काळे पट्टे ओढत तिला कडेला खेचलं.

दोर सोडताना लंबूने हळूच विचारलं, "वर कॅन उतरवायला माणूस लागेल का?"

"नाही रे," तो दोर गुंडाळत म्हणाला, "मेहुणा आहे ना माझा."