वेंडेलचा नकार

वेंडेलला जाऊन चार महिने झाले, तरी आग विझवायला जाताना घालायचे त्याचे बूट स्वयंपाकघराच्या दाराशीच होते. जाड पिवळी विजार बुटांवर तशीच खाली सरकवलेली. बोलावणं आलं की पाय घालायचे, विजार वर ओढायची आणि पळत सुटायचं. त्याच्या बायकोला, लोरेटाला, ते उचलवत नव्हते, कारण वेंडेल अजून घरातच होता. ती कामात असली की मागे येऊन खाकरायचा. कुणाला सांगायची सोय नव्हती. गावाने वेड्यात काढलं असतं.

शुक्रवारी सकाळी डार्ला आली. वेंडेलच्या हाताखाली शिकलेली ही पोरगी आता अग्निशमन केंद्राची प्रमुख होती. मतपत्रिका टपालाने घरोघरी येऊन पडल्या होत्या. आजवर गावातलेच लोक आपापली कामं सांभाळून बिनपगारी आग विझवायचे; आता घरपट्टी थोडी वाढवून केंद्रावर पगारी माणसं ठेवायची का, एवढाच प्रश्न होता.

"प्रचाराच्या पत्रकावर वेंडेलचा फोटो छापू का?" डार्लाने विचारलं. "त्याच्याकडे बघून लोक 'हो' म्हणतील."

"तो स्वतः कधी 'हो' म्हणाला नाही," लोरेटा फटकन बोलली. "दर वेळी 'नाही'वर खूण करायचा. शेजाऱ्याची आग विझवायला पैसे कसले घेता, म्हणायचा."

"आम्हालाही ऐकवायचा की! पगार हवा तर बँकेत चिकटा म्हणे." डार्ला हसली, मग तिची नजर दाराशी असलेल्या बुटांवर गेली. "तो गेला त्या दिवशी कोठाराच्या आगीला आम्ही दोघंच होतो, लोरेटा. बाकीचे सगळे शहरात, आपापल्या कामावर. तो छाती धरून खाली बसला. मी पाण्याचा पाइप सोडला असता तर आग शेजारच्या घरात शिरली असती. आत पोरं होती. मी नाही सोडला."

आपला माणूस एकटा पडून गेला, हे लोरेटाला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. तिला डार्लाचा राग आला, आणि कीवही आली.

"फोटो नको," ती शेवटी म्हणाली. "जे तो बोलला नाही, ते त्याच्या तोंडी घालू नकोस."

डार्ला गेल्यावर तिने मतपत्रिका उघडली. मागे खाकरणं ऐकू आलं. संसारात तिने कधी त्याच्याविरुद्ध मत दिलं नव्हतं. आज दिलं तर तो राहणार नाही, हे तिला आतून कळत होतं.

"खाकरतोस काय?" ती मागे न बघता ओरडली. "आणखी एक माणूस असता तर तुला कुणीतरी धरलं असतं, शहाण्या!"

तिने 'हो'वर खूण केली, पाकिटावर सही केली आणि चालत वाचनालयापाशी गेली. बाहेरच्या मतपेटीत पाकीट अर्धं सरकवून ती थांबली. तो अगदी खांद्याशी उभा होता. तिने डोळे मिटून पाकीट सोडलं.

मग ती तिथल्याच बाकावर संध्याकाळपर्यंत बसून राहिली. घरी जायची तिला भीती वाटत होती.

वाचनालयाला कुलूप लावून बाहेर पडलेली बाई जवळ आली. "बरं नाही का वाटत? घरी कुणी आहे ना सोबतीला?"

"सकाळपर्यंत होता," लोरेटा म्हणाली.