न दुखलेली दुपार

कंबरेत सुया टोचून घेऊन आल्यावर प्रमोदिनीबाईंना झोपायची परवानगी नव्हती. डॉक्टरीणबाईंनी बजावून सांगितलं होतं, की आज आराम अजिबात नको. रोज जे केल्यावर कंबर धरते, तेच मुद्दाम करायचं. वाकायचं, ओट्याशी उभं राहायचं, जिना चढायचा-उतरायचा. आणि संध्याकाळी फोन करून सांगायचं, दुखणं किती कमी झालं ते.

पण हे घरात कुणाला पटणार? मणक्याशी सुई म्हटली, की माणसाने पलंगावर आडवं व्हायचं आणि येईल त्याला बारीक आवाजात 'बरं आहे' म्हणायचं, ही आपल्याकडची रीत. यज्ञेश्वररावांनी बायकोला रिक्षातून दंडाला धरून उतरवलं ते थेट पलंगावर नेऊन टेकवलं.

"अहो, हिंडायफिरायला सांगितलंय."

"त्यांना सांगायला काय जातंय? उद्या पाय लुळा पडला तर उचलायला त्या येणार आहेत का?"

पाय लुळा पडणार नव्हता. डॉक्टरीणबाईंनी टेबलावरचा प्लास्टिकचा मणका हातात घेऊन दोघांनाही समजावलं होतं. प्रत्येक दोन मणक्यांना मागच्या बाजूने, उजवीकडे आणि डावीकडे, एकेक छोटा सांधा असतो. दाराच्या बिजागरीसारखा. तो झिजला, सुजला, की वाकताना, उठताना, उभं राहिल्यावर ओरडतो. त्याचं ओरडणं मेंदूपर्यंत पोहोचवायला दोऱ्याएवढ्या बारीक नसा असतात. पायात जाणारी जाड नस वेगळी, तिला हात लावायचा नाही. या बारीक नसा आज फक्त बधिर करायच्या. औषधाचा अंमल आहे तोवर, म्हणजे संध्याकाळपर्यंत, दुखणं गेलं तर चोर सापडला. मग पुढच्या खेपेला त्याच नसा सुईने तापवून बंद करायच्या. आणि आज काहीच फरक पडला नाही, तर या वाटेने पुढे जाण्यात अर्थ नाही.

यातलं शेवटचं वाक्य प्रमोदिनीबाईंच्या मनात रुतून बसलं होतं. इतक्या वर्षांत मालिशवाला झाला, पट्टा झाला, काढे झाले, गोळ्यांनी पोट बिघडलं. एमआरआय काढला तर त्यात 'वयोमानानुसार झीज'. हे दोन शब्द यज्ञेश्वररावांना असे काही आवडले, की त्यांनी ते पाठच करून टाकले. कुणीही विचारलं, की हे सांगणार, "रिपोर्टमध्ये तसं काही नाहीये. वयोमानानुसार." माणूस वाईट नव्हता. जिल्हा परिषदेत जन्म गेलेला, कागदावर नाही ते नाही, एवढंच. पण जे दुखतंय ते कुणी मानतच नाही, याचा थकवा दुखण्याहून मोठा असतो. आज फरक पडला नाही, तर 'मी म्हणत नव्हतो?' हे वाक्य उरलेला जन्म ऐकायचं होतं.

शिवाय घरात त्यांची ख्याती वेगळीच होती. नाकावर राग. सरळ विचारलं तरी वाकडं उत्तर. शाळेत शिकवत होत्या तेव्हा मुलं टरकून असत. खरं सांगायचं तर आपण खाष्ट आहोत हे त्यांनी स्वतःही कधीच मान्य करून टाकलं होतं. कुणाचा स्वभाव गोड असतो, कुणाचा नसतो, आपला नाही, झालं.

स्वयंपाकघरात सून होती. मधुवंती. मुलाला, श्रेयसला, सुट्टी मिळाली नाही म्हणून पुण्याहून ती एकटी दोन दिवसांसाठी आली होती. लग्नाला तीन वर्षं झाली तरी सासूबाई समोर आल्या, की ती हातातलं भांडं घट्ट धरायची. उलट बोलायची नाही, जवळही यायची नाही. दिवाळीला यायची आणि भाऊबीज उरकली, की बॅग भरायची.

बाई पलंगावर पडून छताकडे बघत होत्या आणि औषधाचा अंमल फुकट चालला होता. पडल्यापडल्या त्यांची कंबर एरवीही फारशी दुखत नसे. मग कळायचं कसं?

तेवढ्यात धोंडुबाई आली. कसबा बावड्यात ही नवी घरं झाली तरी मागच्या बाजूला तिचा म्हशींचा गोठा तसाच होता, आणि सगळ्या कॉलनीला दूध तिचंच. ती पलंगाशी खुर्ची ओढून बसली.

"काय वं बाई, मणक्यात सुई घेटली म्हनं? आवं, खेळ हाय व्हय त्यो? माझ्या जावंच्या भावानं घेटलती, अजून काठी घिऊन हिंडतोय. उठू नगासा. गप पडून ऱ्हावा."

"अगं, मला उठायलाच सांगितलंय."

"सांगत्यात की. त्यांचं काय जातंय?"

यज्ञेश्वररावांनी खुर्चीतून मान डोलावली. धोंडुबाई गेली तर वरच्या मजल्यावरचे दोघं नवरा-बायको शहाळं घेऊन हजर. मग कोपऱ्यावरच्या बाई. प्रत्येकाच्या ओळखीत एकेक बिघडलेला मणका होता आणि प्रत्येकाला तो सांगायचा होता. प्रमोदिनीबाई सगळ्यांना 'बरं आहे' म्हणत राहिल्या. त्यांना रडावंसं वाटायला लागलं. इतक्या मिनतवारीने मिळालेली एक दुपार, ती या लोकांच्या विचारपुशीत चालली होती.

शेवटी आतून काहीतरी आदळल्याचा आवाज आला. चहाला ठेवलेलं दूध मधुवंतीच्या हातून सांडलं होतं. ओट्यावरून ओघळ खाली, गॅसच्या शेगडीखाली, फरशीभर. बाई कुणाला न विचारता उठल्या.

सुनेने त्यांना दारात बघितलं आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला. "आई, मी पुसते. तुम्ही नका..."

"फडकं आण," बाई म्हणाल्या, आणि उकिडव्या बसल्या.

बसून झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की आपण बसलो. एरवी खाली जाताना ओट्याची कड धरावी लागे, दात आवळावे लागत आणि अर्ध्यात ती कळ ठरलेली असे. त्या थांबल्या. आता येईल, मग येईल. कळ आली नाही. त्यांनी सगळी फरशी पुसली, फडकं पिळलं, पुन्हा पुसली. ओट्याखालचं मोठं पातेलं ओढून काढलं. उभ्या राहिल्या, पुन्हा वाकल्या. कंबर म्हणून काही अंगाला आहे याचाच पत्ता नव्हता.

मग त्या स्वयंपाकघरातून हलल्याच नाहीत. पाहुण्यांना चहा झाला, पोहे झाले. ते गेल्यावर रात्रीच्या आमटीची तयारी काढली. मधुवंतीला खोबरं भाजायला दिलं, तर ते करपलं.

"करपलं, आई," ती अगदी बारीक आवाजात म्हणाली.

"करपू दे. मी नवी नवरी होते तेव्हा एकदा तांबड्या रश्श्यात मीठ म्हणून साखर घातली होती. तुझे आजेसासरे दोन वाट्या प्यायले आणि म्हणाले, पोरीनं नवीन काहीतरी केलंय."

मधुवंती आधी दचकली, मग हसली. बाईही हसल्या. हसताना त्यांना आपल्याच आवाजाची ओळख पटेना. मग पोरीने तिच्या ऑफिसातल्या साहेबाची नक्कल करून दाखवली. लग्नानंतर पहिल्यांदा ती या घरात एवढं बोलली असेल. आमटीला उकळी फुटेपर्यंत दोघी बोलत होत्या.

यज्ञेश्वरराव पाणी प्यायला आत आले आणि हे सगळं बघून खूश झाले. "बघ, मी म्हणत नव्हतो? तसं काही नव्हतंच. सुई घेतली एवढ्याचंच समाधान. मनाचं असतं गं सगळं."

पेला ठेवून ते बाहेर गेले. बाईंचे हात थांबले. म्हणजे कमी नाही झालं तरी हेच आणि कमी झालं तरी हेच. क्षणभर त्यांनाही शंका आली, की खरंच मनाचं असेल का? इतकी वर्षं आपण उगीच सगळ्यांना छळलं का? त्यांना एकदम फार थकल्यासारखं झालं. तरी परातीत पीठ घेऊन त्या कणीक मळायला उभ्या राहिल्या.

कणीक होत आली आणि उजव्या बाजूला काहीतरी हललं. आधी नुसतं जड वाटलं. मग नेहमीच्या जागी नेहमीची कळ बसली, आणि तिथून मांडीपर्यंत ओढ लागली. अंमल उतरला होता. बाई ओट्यावर हात टेकून उभ्या राहिल्या.

"आई, आमटीत गूळ किती घालू?"

"घाल की तुला हवा तेवढा. सगळं मलाच विचारत बसणार का?"

मधुवंतीने हातातला डबा घट्ट धरला. "चुकलं, आई," ती म्हणाली आणि पुन्हा सकाळची सून झाली.

बाहेरच्या खोलीतून यज्ञेश्वररावांचा आवाज आला. "काय गं? परत दुखायला लागलं का?"

प्रमोदिनीबाईंनी त्यांना काही सांगितलं नव्हतं. त्या दिसतही नव्हत्या तिथून.

"तुम्हाला कसं कळलं?"

"आवाजावरून."

 मग ते उठून दारात आले. बायकोकडे बघितलं, सुनेकडे बघितलं. आपण काय बोलून गेलो हे त्यांचं त्यांना हळूहळू कळत होतं. "म्हणजे हा आवाज... एवढी वर्षं..."

बाईंना राग आला, भयंकर राग आला. एवढी वर्षं या आवाजाला घरादाराने स्वभाव म्हटलं आणि त्यांनीही मान खाली घालून तो पदरात घेतला. श्रेयस याच आवाजात मोठा झाला. ही पोर याच आवाजाला भिऊन बॅग भरत होती. पण रागावायलाही अंगात त्राण लागतं. त्या स्टुलावर बसल्या आणि पिठाच्या हातांनीच सुनेचा हात धरला.

"तुझं काही चुकलं नाही, बाळ. कंबर बोलली ती."

फोन यज्ञेश्वररावांनीच लावला. एरवी डॉक्टरांशी तेच बोलत, आज त्यांनी तो बायकोच्या हातात दिला. बाईंनी सांगितलं, की दुपारभर काही म्हणजे काही नव्हतं, आणि आता सगळं परत आलंय. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, उत्तम. मग त्यांनी एक गोष्ट स्वच्छ सांगितली. नसा तापवल्या तरी त्या कायमच्या मरत नाहीत, पुन्हा वाढतात. बरं वाटलं तर ते वर्षभर टिकेल, कुणाचं कमी, कुणाचं जास्त. मग पुन्हा करावं लागेल.

"वर्षच?" यज्ञेश्वररावांचा चेहरा पडला.

"वर्ष पुष्कळ झालं," बाई म्हणाल्या. "डॉक्टर, लवकरात लवकरची तारीख द्या."

फोन ठेवला तेव्हा मधुवंती अजून तिथेच उभी होती. "आई, मी सुट्टी काढते त्या दिवशी. येते मी."

"त्या दिवशी नको. सुया टोचून घ्यायला हे आहेत सोबत." प्रमोदिनीबाईंनी ओट्याची कड धरली आणि दात आवळून उठल्या. "त्यानंतर ये. चार दिवस राहायला ये."