बाईंना दिलेलं उत्तर

कंडक्टर रिटायर झाले तरी लोक त्यांना कंडक्टरच म्हणत. आयुष्यभर हा माणूस बोलत आलेला: पुढे सरका, सुट्टे द्या, ओ काका, उतरायचंय ना? कुणी हाक मारली आणि यांनी ओ दिली नाही, असं कधी झालं नाही. पण बायको गेली आणि घरात हाक मारणारंच कुणी उरलं नाही. मुलगा लांब. फोनवर "बरे आहात ना?" विचारायचा आणि उत्तर यायच्या आत "ठेवतो हं" म्हणायचा.

त्यात स्वादुपिंडात गाठ निघाली. सर्जन म्हणाले, "काका, ही हळू वाढणारी जात आहे, घाबरू नका. फक्त शेजारून यकृताकडे जाणारी मोठी शीर आहे. गाठ तिच्यापासून सुटी असेल तर काढून टाकू. शिरेत शिरली असेल, तर मात्र ऑपरेशनचं नाव नको. सीटी स्कॅनमध्ये कळेल." घ्या! सगळा जीव त्या एका शिरेत अडकला.

"सोबत कोण आलंय?" मशीनवाल्यानं विचारलं.

"मीच," कंडक्टर म्हणाले. तो हसला. हे हसले नाहीत.

त्यांना आडवं केलं, हातात सुई टोचली. फोटोत शिरा उठून दिसाव्यात म्हणून औषध सोडलं, तशी अंगभर ऊब पसरली. मशीनवाला काचेपलीकडे गेला, दार लागलं. आणि मशीनमधून एका बाईचा आवाज आला, "श्वास घ्या. श्वास रोखून धरा." काय तो आवाज! इतक्या मायेनं त्यांना कुणी काही सांगून किती दिवस झाले होते. कंडक्टर अगदी मनापासून म्हणाले, "धरला हो."

झालं! धरलेला श्वास त्या दोन शब्दांबरोबर बाहेर पडला.

फोटो वाचणाऱ्या डॉक्टरबाईंनी त्यांना आत बोलावलं. "ही बघा गाठ, कशी चकाकतेय. ही शीर. पण दोघींमधली कडच नेमकी फिसकटलीय. सुटी आहे की आत शिरलीय, मी छातीठोक सांगू शकत नाही. तुम्ही हललात का?"

"हललो नाही. बोललो."

"कुणाशी?"

"त्या बाई म्हणाल्या ना, श्वास धरा. मग उत्तर नको द्यायला?"

डॉक्टरबाईंना हसू फुटलं, पण कंडक्टरांचा चेहरा बघून त्या थांबल्या. "अहो, ते रेकॉर्ड केलेलं आहे. तिला ऐकू येत नाही."

"कळतं हो मला. पण कुणी बोललं की राहवत नाही." म्हाताऱ्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पुन्हा स्कॅन करायचा ठरला, पण काही दिवसांनी. तोवर कंडक्टर रोज पलंगावर पडून श्वास धरायचा सराव करत. गप्प राहायचा सराव घरात होताच, फुकटचा! मरणाची भीती वाटत होती, कशाला खोटं बोला. पण ती भीती सांगायला कुणी नाही, याचं जास्त वाईट वाटे.

दुसऱ्या वेळी मशीनमधल्या बाईंनी पुन्हा तेच सांगितलं, त्याच मायेनं. कंडक्टरांनी ओठ घट्ट मिटले आणि तोंडाशी आलेला 'हो' गिळला. आपण कुणाला तरी तोडून बोललो, असं त्यांना उगाच वाटत राहिलं.

"ही काळी रेघ दिसतेय?" डॉक्टरबाईंनी पडद्यावर बोट ठेवलं. "चरबी आहे ती, गाठ आणि शीर यांच्यामधली. शीर साफ मोकळी आहे, काका. गाठ टेकलीसुद्धा नाहीये."

"म्हणजे डबल बेल? गाडी पुढे न्यायची?"

"डबल बेल! आधी घरी फोन करा बघू."

बाहेर येऊन त्यांनी मुलाला फोन लावला.

"बाबा, मीटिंगमध्ये आहे. अर्जंट आहे का काही?"

"नाही रे. ठेव तू."

फोन खिशात टाकून ते स्कॅनच्या खोलीबाहेर उभे राहिले. आत दुसरं कुणीतरी होतं. बंद दारामागून तोच आवाज बारीक ऐकू आला, "श्वास सोडा."

कंडक्टरांनी इकडे तिकडे पाहिलं. मग दाराशी तोंड नेऊन हळूच म्हणाले, "सोडला हो, बाई. शीर मोकळी आहे."