चारांतली एक

ईशान्य थायलंडातल्या, म्हणजे इसानातल्या, आमच्या कॉलेजात तिसऱ्या वर्षी जीवरसायनाच्या प्रयोगशाळेत आमचा गट तिघांचा होता: खेम, थनू आणि मी, पिम. वर्गातली मुलं म्हणायची, गट दोघांचाच आहे, पिम नुसती नळ्या धुवायला ठेवलीय. ते काही अगदीच खोटं नव्हतं.

खेम हुशार होती, पण मिरवणारी नव्हे. तिच्या हातात पिपेट आली की शेजारच्या बाकावरची बडबडसुद्धा आपोआप थांबायची. थनू भातगिरणीवाल्याचा मुलगा, उंच आणि हडकुळा. त्याच्या हातून काही सांडलं नाही असा दिवस मला आठवत नाही. पहिल्या वर्षी त्यानं खेमच्या हातांवर सिल्वर नायट्रेट सांडलं आणि पुसता पुसता स्वतःचेही हात भरवून घेतले. आठवडाभर दोघं काळे हात घेऊन हिंडत होती. ओळख झाली ती तिथून. दुसऱ्या वर्षापर्यंत तो तिच्यासाठी रोज सकाळी फाटकाजवळच्या गाड्यावरून सोयाबीनचं गरम दूध आणायला लागला होता.

"आणि मला?" मी विचारायची.

"तू घरून चिकट भात हाणून येतेस. तुला कशाला?"

त्या सत्रात आचान रत्तना, म्हणजे प्राध्यापक रत्तनाबाई, आम्हाला शिकवायच्या. बाई कडक, पण वर्गात झोप येऊ द्यायच्या नाहीत. एक दिवस त्या म्हणाल्या, "आज बेडकाचं नाही, कोंबडीचं नाही, स्वतःचं रक्त. प्रत्येकानं आपलं हिमोग्लोबिन तपासायचं."

बोटातून रक्त काढायचं, पेशी फोडायच्या, त्याचा ठिपका कागदासारख्या पातळ पट्टीवर द्यायचा आणि पट्टीतून वीज सोडायची. हिमोग्लोबिनचा प्रत्येक प्रकार आपापल्या वेगानं पुढे सरकतो. नेहमीचं पुढे पळतं, दुसऱ्या प्रकारचं मागे रेंगाळतं. मग पट्टी लाल रंगात बुडवून धुतली की ठिपक्याच्या रेघा झालेल्या दिसतात.

"आपल्या इसानात दोन-तीन माणसांमागे एकात ई जातीचं हिमोग्लोबिन निघतं," आचान म्हणाल्या. "आईकडून किंवा बापाकडून आलेलं. तो आजार नव्हे. घाबरायचं नाही आणि मिरवायचंही नाही."

थनूनं मिरवलंच. त्याच्या पट्टीवर मागच्या बाजूला दुसरी जाड रेघ उमटली होती. "माझ्याकडे दोन आहेत! पिम, तुझ्याकडे किती? एकच? अरेरे!"

खेम त्याच्या पट्टीकडे बघत राहिली. तिच्या स्वतःच्या पट्टीवर मागची रेघ पुसटच होती; तशी दिसेल न दिसेलशी सगळ्यांचीच असते, तिची थोडी जास्त ठळक. तिनं दोन्ही मोजमापं नीट लिहिली, भांडी धुतली, ओटा पुसला आणि कुणाशी काही न बोलता निघून गेली. दुसऱ्या दिवशी थनूनं आणलेलं दूध बाकावरच गार झालं. त्याच्या पुढच्या तासाला खेम आचानना सांगून खिडकीजवळच्या गटात जाऊन बसली होती.

मी तिला प्रयोगशाळेमागच्या झाडांखाली गाठलं.

"काय केलं त्यानं?"

"काही नाही."

"मग?"

ती पायानं वाळलेली पानं ढकलत राहिली. मग म्हणाली, "माझ्यात आईचा थॅलेसेमिया आहे, अर्धा. मला लहानपणापासून माहीत आहे. मला त्याचं काही होत नाही. त्याच्यात ई आहे, त्यालाही काही होत नाही. पण दोन्ही एकाच मुलाच्या वाट्याला आली की पी चन होते."

पी म्हणजे ताई; पी चन ही तिची थोरली बहीण. तिला दर महिन्याला इस्पितळात नेऊन रक्त चढवावं लागे. वाढायच्या वयातच तिची वाढ थांबली होती. अंगाचा रंग चढवलेल्या रक्तातलं लोह साठून काळवंडला होता. प्लीहा काढल्याचा वण तिच्या पोटावर होता. खेम या विषयाकडे वळली ती तिच्यामुळेच.

"चारांतलं एक," खेम म्हणाली. "प्रत्येक मुलामागे चारांत एक शक्यता."

"अगं, लग्नाचं अजून कुणी बोललंसुद्धा नाही आणि तू मुलं मोजायला बसलीस?"

"म्हणूनच आत्ता," ती म्हणाली. "नंतर मला जमणार नाही, पिम. आत्ताच धड जमत नाहीये."



थनू आठवडाभर माझ्यामागे लागला होता. "मी काय केलं ते तरी सांग. काही सांडलं का तिच्यावर?"

"तिलाच विचार."

"ती बोलतच नाही. तिच्या घरी जातो." मग तो म्हणाला, "तू चल ना. एकट्याला भीती वाटते."

रविवारी आम्ही त्याच्या मोटरसायकलवर निघालो. त्यानं पेरूंची पिशवी माझ्या हातात दिली नाही, हँडलला अडकवली. निम्मे पेरू वाटेत कालव्याच्या पुलावर उधळले.

खेमचं घर चिंचेच्या झाडामागे, लाकडी, खांबांवर उभं. खाली सावलीत पी चन शिलाईयंत्रावर शाळेचे गणवेश शिवत बसली होती. दहा-बारा वर्षांच्या मुलीएवढी दिसायची ती, पण डोळे पंचविशीच्या बाईचे, सगळं बघितलेल्या.

"खेम बाजारात गेलीय," ती म्हणाली. मग तिनं थनूला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "हा तो सांडणारा का?"

थनूनं हात जोडले आणि उरलेले पेरू पुढे केले.

"बस. मी चहा घेते, तुम्हीही घ्या. मला डॉक्टरांनी सांगितलंय चहा घ्यायला, लोह कमी शोषलं जातं म्हणे. जगात एवढं एकच औषध चवीला बरं आहे." ती हसली. "आज जरा जपून हं माझ्याशी. परवा रक्त घेतलंय. दाता कोण होता कुणास ठाऊक, पण भलताच रागीट असणार. कालपासून मी सगळ्यांवर खेकसतेय. मागच्या महिन्यातलं रक्त आळशी होतं, गणवेश तसेच पडून राहिले."

थनू हसला आणि मोकळा झाला. मोकळा झाला म्हणजे बोलत सुटला. "पी, त्या रक्ताच्या प्रयोगापासून खेम माझ्याशी बोलत नाही. माझ्यात ई निघालं, बस. आचान स्वतः म्हणाल्या, त्यानं काही होत नाही."

यंत्राची सुई थांबली.

"ई?" पी चन म्हणाली.

"हो."

"माझ्यातही ई आहे," ती सावकाश म्हणाली. "बाबांकडून आलेलं. आणि आईकडून दुसरं. खेमला फक्त आईकडचं आलं."

थनू पायरीवर बसला होता. त्यानं बोटानं धुळीत एक चौकोन काढला, त्याचे चार भाग केले. पहिल्यात काहीच नाही. दुसऱ्यात खेमचं. तिसऱ्यात त्याचं. चौथ्या घरावर बोट थांबलं. त्यानं वर पी चनकडे बघितलं.

"हो," ती म्हणाली. "त्या घरात मी राहते."

तेवढ्यात खेम सायकलवरून आली, टोपलीत भाजी. आम्हाला बघून ती सायकलवरून उतरायचीच विसरली, एक पाय टेकून तशीच उभी राहिली.

"ये," पी चन म्हणाली. "माझ्यासारखं पोर नको म्हणून ह्याच्यापासून पळालीस, तेच बोलत होतो."

"पी! तसं नाही..."

"तसंच आहे. आणि त्यात चूक काही नाही. सुया मला टोचतात, तू नुसती बघतेस. बघणाऱ्याला जास्त टोचतं, मला ठाऊक आहे. पण खेम, मला एकदा विचारायचंस तरी! तुम्ही कॉलेजात काय शिकता ते शिका. या विषयातली घरची प्राध्यापक मी आहे."

खेमनं सायकल सोडून दिली. ती आडवी पडली, वांगी अंगणभर झाली. खेम बहिणीच्या पायाशी जमिनीवर बसली आणि तिच्या मांडीवर डोकं ठेवून रडायला लागली. "तू नकोस असं मला कधीच, कधीच वाटलं नाही."

"माहीत आहे गं वेडे." पी चन तिच्या केसांतून बोटं फिरवत राहिली. "ऐक. दुखतं. कंटाळा येतो. रक्त मिळायच्या आधीच्या आठवड्यात ह्या चार पायऱ्या चढवत नाहीत. आणि तरीही सकाळी जाग आली की बरं वाटतं, जाग आली म्हणून. दोन्ही खरं आहे. कुणी विचारलं तर दोन्ही सांग. एकच सांगू नकोस."

थनू वांगी गोळा करत होता. त्यातलं एक त्याच्या हातून पुन्हा पडलं. तो म्हणाला, "मला एवढंच कळत नाही, खेम. चारांतलं एक हे गणित मलाही येतं. मला का नाही सांगितलंस?"

"कारण तू चालेल म्हणाला असतास."

"मग?"

"लगेच म्हणाला असतास. विचार न करता. तू आधी सांडतोस, मग बघतोस."

पी चन खुदकन हसली. थनूला हसू आलं नाही. तो उरलेली वांगी टोपलीत ठेवून उभा राहिला. "ठीक आहे," तो म्हणाला. "आज मी चालेल म्हणत नाही. मला विचार करू दे."

खेमनं डोकं वर केलं. त्या दिवसातलं तिला पटलेलं हे पहिलं वाक्य असावं, कारण तिनं डोळे पुसले आणि विचारलं, "जेवून जाणार ना?"

पुढच्या महिन्यात पी चनला रक्त चढवायचा दिवस आला, तेव्हा थनू इस्पितळात हजर.

"बघायला आलास?" पी चननं विचारलं.

"हो."

"बघ मग."

तो सकाळपासून पिशवी रिकामी होईपर्यंत तिच्या उशाशी बसून होता. शीर सापडेना म्हणून तिला तीनदा टोचलं, तेव्हा चेहरा त्याचा पांढरा पडला, तिचा नाही. त्यानंतर त्यानं एकही महिना चुकवला नाही. तिथे येणाऱ्या आया-बापांशी बोलायचा, पोरांबरोबर पत्ते खेळायचा आणि हरायचा. खेमशी त्याचं पुन्हा बोलणं सुरू झालं होतं, पण त्या विषयावर नाही. ती आमच्या बाकावर परत आली. आम्ही दूध नासवून त्यातलं प्रथिन वेगळं केलं, पपईच्या चिकातला विकर काढला, परीक्षा दिल्या.

एक दिवस अपकेंद्री यंत्र फिरत असताना, त्या घरघरीत, थनू म्हणाला, "खेम, मला भीती वाटते. खूप विचार केला, तरी वाटते. पण ती तुझ्याबरोबर वाटलेली बरी."

खेमनं यंत्र थांबू दिलं. मग झाकण उघडून नळ्या बाहेर काढल्या आणि म्हणाली, "मलाही."

एवढंच. मी शेजारीच नळ्या धूत होते, म्हणून मला ठाऊक.

पदवीनंतर काही वर्षांनी त्यांचं लग्न झालं. मूल राहिलं तेव्हा दोघांनी डॉक्टरांकडे जाऊन सुरुवातीलाच तपासणी करून घेतली. उत्तर यायच्या मधले दिवस त्यांनी कसे काढले ते त्यांनाच माहीत. थनूनं त्या दिवसांत गिरणीची सगळी गंजलेली पत्र्याची भिंत एकट्यानं रंगवली. उत्तर आलं: बाळात थनूचं ई होतं, खेमचं काही नव्हतं.

दुसरं उत्तर आलं असतं तर काय करणार होतात, हे मी खेमला एकदाच विचारलं. "ठरवलं होतं," ती म्हणाली, आणि त्यापुढे बोलली नाही. मीही खोदलं नाही. पी चननं तर कधी विचारलंच नाही.

मुलगी झाली तेव्हा मी भेटायला गेले होते. पी चन बाळाला मांडीवर घेऊन बसली होती आणि कुणालाच हात लावू देत नव्हती. खेम कौतुकानं सांगत होती, रक्त तपासलं, वजन तपासलं, ऐकू येतं की नाही तपासलं.

"नाक बापाचं आहे," पी चन म्हणाली. "बाकीचं तुम्ही काय तपासायचं ते तपासा, पण आत्ता नाही. आत्ता ती झोपलीय."