कोपऱ्यातली टाकी आणि कवचबुवा

"सरका, सरका! बुवांना वाट द्या!"

खेकड्यांची पिल्लं वाढवायच्या शेडमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. एरवी नाकाला रुमाल लावून समोरून जाणारी माणसं आज चपला बाहेर काढून ओल्या फरशीवर हात जोडून उभी होती. बुवांनी कोपऱ्यातल्या टाकीत जाळी बुडवली आणि वर काढली. जाळीत खेकड्याच्या पिल्लानं टाकलेलं कवच होतं. नखाएवढं, पोकळ, पण पाय-नांग्यांसकट अख्खं.

"पाहा!" बुवा गरजले. "जीव तोच, दुःखाचं कवच गळालं! प्रत्येक टाकीत पाणी तेच, खाणं तेच. मग बाकीच्या टाक्यांतले जीव का खुरटले? कारण तिथे माझी बैठक नाही!"

"धन्य! धन्य!" गर्दी म्हणाली.

मी मागे खांबाला टेकून दात-ओठ खात होते. शेडला लागून असलेला बर्फाचा कारखाना मी चालवते. शेडचा मुकादम माझा दादा. त्या वर्षी थंडी लांबली आणि टाक्यांतल्या पिल्लांची वाढ खुंटली. खाणं बदललं, पाणी बदललं, दादाच्या तोंडचं पाणी पळालं. नेमके तेव्हाच हे कवचबुवा कुठूनसे उगवले. शेडभर फिरले आणि जिथे शेडची मांजर पाय ताणून झोपलेली असायची, तिला हुसकून त्याच कोपऱ्यात बसले. "इथे शक्ती आहे," म्हणाले. पुढच्या काही दिवसांत त्या टाकीतली पिल्लं भराभर कवचं टाकू लागली आणि दुपटीनं वाढली. मग काय विचारता! शेवटच्या टाकीवर कोप आहे, असंही त्यांनी जाहीर करून टाकलं, म्हणजे तिथली पिल्लं वाढली नाहीत तरी तेच खरे.

खेकड्यांपुरतं असतं तर मी हसून सोडून दिलं असतं. पण दादाच्या चिमीला फिट येतात. गोळ्या नियमित चालू होत्या तोवर फिट बंद होत्या, पोरगी शाळेत जात होती, झाडावर चढत होती. बुवांनी वहिनीला सांगितलं, "गोळ्या हे वरचं कवच. ते आधी टाका, आजार आपोआप गळेल." आणि वहिनीनं गोळ्यांची डबी नेऊन बुवांच्या बैठकीखाली ठेवली. चिमी रोज टाकीजवळ बसू लागली.

मी वहिनीशी कडाकडा भांडले.

"वहिनी, खेकडा वाढतो तेव्हा जुनं कवच त्याला पुरत नाही, म्हणून तो ते टाकतो. बुवा जन्मले नव्हते तेव्हाही टाकत होता."

"कळतं हो वन्सं मला. मुकादमाची बायको आहे मी. मग याच टाकीतली पिल्लं इतकी भराभर का टाकतात? ते सांगा."

मला खरंच माहीत नव्हतं.

"नाही ना सांगता येत?" वहिनीचे डोळे भरले. "डॉक्टरीणबाई म्हणतात, अजून काही वर्षं गोळ्या चालू ठेवा. बुवा म्हणतात, गोळ्यांशिवाय पोर बरी होईल. मी आई आहे, मी कुणाचं ऐकू?"

तिच्यावर चिडावं की तिला जवळ घ्यावं, मला कळेना. पण बुवांवर चिडायला मला कुणाची परवानगी नको होती.

आता त्या शेडची एक रीत सांगायला हवी, कारण सगळं घोडं तिथेच पेंड खात होतं. पिल्लांच्या टाकीत कुणीही हात घालायचा नाही. हाताचा साबण-तेल पाण्यात गेलं तर पिल्लं मरतात, म्हणून सगळं काम लांब दांड्याच्या जाळीनं. रीत चांगलीच. आणि पाण्याचं तापमान? ते बघायची पाऱ्याची काच दाराशी पहिल्या टाकीत लटकवलेली. रोज सकाळी तिच्यात बघायचं आणि तेच सगळ्या टाक्यांचं समजायचं. एकाच शेडमधलं पाणी, वेगळं कशाला असेल? म्हणजे कोपऱ्यातल्या टाकीच्या पाण्याला कुणाचा हात लागलेला नव्हता आणि काचही लागलेली नव्हती.

त्या दिवशी गर्दी "धन्य धन्य" करत असतानाच चिमीचे डोळे फिरले. टाकीच्या कठड्यावर बसलेली पोर ताठ झाली आणि तिचा अर्धा देह पाण्यात गेला. मी गर्दीतून कशी घुसले मला आठवत नाही. दोन्ही हात खांद्यापर्यंत पाण्यात घालून मी तिला बाहेर ओढलं, कुशीवर निजवलं, डोक्याखाली माझी ओढणी ठेवली.

"दूर व्हा!" बुवा ओरडले. "आजार बाहेर पडतोय! कवच फुटतंय!"

"तोंड बंद ठेवा," मी म्हणाले. शेडमध्ये बुवांशी असं कुणी बोललं नव्हतं.

चिमीचं अंग हळूहळू सैल पडलं, श्वास लयीत आला. दादा डॉक्टरीणबाईंना आणायला धावला. तेव्हा कुठे माझं लक्ष माझ्या बाह्यांकडे गेलं. मी दिवसभर बर्फात हात घालणारी बाई. थंडीचे दिवस, बिनतापवलेलं पाणी, आणि माझ्या ओल्या बाह्या चक्क कोमट होत्या.

मी उठले, दाराशी गेले, पहिल्या टाकीतली काच काढली आणि कोपऱ्यातल्या टाकीत बुडवली. पारा सगळ्यांच्या डोळ्यांदेखत वर चढू लागला.

"बघा," मी म्हणाले. "पाणी तेच नाही. हे पाणी उबदार आहे."

बुवा क्षणभर चपापले, पण गडी मुरलेला. "असणारच! माझ्या तपाची ऊब आहे ती!"

"धन्य!" गर्दीतून कुणीतरी म्हणालंच.

"तपाची का? जरा उठता?" मी त्यांच्या उत्तराची वाट न बघता बैठक ओढली. खालची फरशी गरम होती. भिंतीशी रचलेली गोणपाटं मी बाजूला फेकली आणि मागे माझाच पाइप निघाला! बर्फ करायचा म्हणजे पाण्यातली उष्णता काढून घ्यायची, आणि ती कुठेतरी टाकावी लागते. माझ्या कारखान्यातून गरम पाणी सतत बाहेर पडतं. गेल्या दुरुस्तीत तो पाइप या भिंतीतून, टाकीच्या बुडाखालून नेला होता. मांजरीला ते पहिल्या दिवशीच कळलं होतं. बुवांना मांजरीकडे बघून कळलं. इतक्या शहाण्यासुरत्या माणसांना मात्र नाही कळलं, आणि त्यात मीही आले.

"खेकड्याचं पिल्लू गार पाण्यात मंदावतं," मी मोठ्यानं म्हणाले. "खातं कमी, वाढतं कमी, कवच उशिरा टाकतं. ऊब मिळाली की भराभर टाकतं. त्यात बुवांचा हात एवढाच, की त्यांनी जागा हेरली आणि पाइप झाकला."

"पाइपबिइप मला ठाऊक नाही!" बुवा म्हणाले. "मी तपस्वी माणूस!"

"फारच छान. मग मी आत्ता माझं यंत्र बंद करते. बर्फ वितळला तर वितळू दे. तुमच्या तपाची ऊब असेल तर पारा उतरायचा नाही. बसा इथेच, आपण मिळून बघू."

बुवांनी गर्दीकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं. मग ओठांवर बोट ठेवलं. "आज... आज माझं मौन आहे."

"मौन?" चिमीचं डोकं मांडीवर घेऊन बसलेल्या वहिनीनं मान वर केली. "मौन आज कसं असेल? तुमचं मौन तर बर्फाच्या कारखान्याला सुट्टी असते त्या दिवशी..."

ती बोलता बोलता थांबली.

"सुट्टीला पाइप गार पडतो," वहिनी हळूच म्हणाली. "म्हणून तुम्ही मौन धरायचात. त्या दिवशी आम्हाला टाकीजवळ येऊ द्यायचा नाहीत. तुम्हाला माहीत होतं. सगळं माहीत असून माझ्या पोरीच्या गोळ्या सोडवल्या तुम्ही?"

बुवांनी खरंच मौन धरलं. वहिनी उठली, फरशीवर पडलेली गोळ्यांची डबी उचलून पदरानं पुसली. तेवढ्यात दादा डॉक्टरीणबाईंना घेऊन आला. त्यांनी चिमीला तपासलं, गोळ्या पुन्हा कशा चालू करायच्या ते सांगितलं आणि वहिनीला एक शब्दही टाकून बोलल्या नाहीत. या गडबडीत बुवांनी काढता पाय घेतला. चपला मात्र इथेच राहिल्या.

तरी गर्दीतले काही म्हणालेच, "पाइपचं निमित्त असेल, पण बुवांचा स्पर्श होताच ना?" मी म्हटलं, ठीक आहे, कोप झालेल्या टाकीवरच करून बघू. दादानं आणि मी पाइपला नळी जोडून ती शेवटच्या टाकीच्या बाजूंनी फिरवली. आधी अगदी बेतानं, कारण पाणी फार तापलं तर पिल्लं वाढत नाहीत, मरतात. बाकीच्या टाक्या तशाच ठेवल्या. त्या टाकीजवळ ना कुणी बसलं, ना कुणी मंत्र म्हटला. थोड्याच दिवसांत वहिनीनं मला भिंतीपलीकडून हाक मारली. कोप झालेल्या टाकीत कवचंच कवचं पडली होती. ज्यांनी ज्यांनी शंका काढली होती, त्या प्रत्येकाला वहिनीनं हाताला धरून आणलं आणि तिथे उभं केलं.

आता प्रत्येक टाकीला स्वतःची काच आहे. चिमी शाळेत जाते, गोळी स्वतःच मागून घेते.

मी काही पंडित नाही. माझं सांगणं एवढंच. वहिनीनं विचारलेला प्रश्न बरोबर होता: याच टाकीत का? उत्तर ठाऊक नसणं ही लाजेची गोष्ट नाही. पण ते ठाऊक नाही म्हणून कुणी आपल्या पोरांची औषधं हिसकावून घेत असेल, तर गप्प बसणं ही लाजेची गोष्ट आहे. पुढच्या वेळी कुणी चमत्कार दाखवून म्हणाला, "लांबून बघा, हात लावू नका," तर हात स्वच्छ धुवा आणि खुशाल पाण्यात घाला.