पिठावरची पावलं

मी बोलतोय. कोण, ते कळंल. आदी सांगा, ह्या गोष्टीत शेवटी कुणाला किंमत मोजावी लागली आसंल? वळखा बघू! चुकशिला, पैज लावतो.

मी ढेकण्या. खाटंतला न्हवं, झाडावरचा. कोरेगावच्या शिवारात, गुंडा सुभेदाराच्या पेरूवर जल्मलो. दिसाय हुबेहूब मुंगी. कंबर बारीक, चाल तुरुतुरू. मुंग्यांच्या रांगंत घुसायचं आन् गुपचूप पानावरच्या मावा-किड्यांचा रस चोखून प्यायचा. त्यास्नी बी कळायचं न्हाई. लय मजा!

फौजेतनं निवृत्त झाल्याला सुभेदार म्हातारा वारला. रीतीपरमानं दिव्यापाशी पीठ पसरलं, वर वेताची पाटी पालथी झाकली. मेल्यालं माणूस कुठल्या जल्माला गेलं, ते सकाळी पिठावरच्या पावलांवरनं वळखायचं. मला खोडी सुचली. पाटीखालनं शिरलो, पिठात नाचलो.

सकाळी त्याच्या बायकूनं, मनुबाईनं पाटी उचलली. "मुंगी! आगं बया, मालक मुंगी झालं!"

मी पिठातनं निघून पेरूवर चढलो, ते तिनं बघितलं. तवापासनं रोज पेरूखाली येऊन माझ्यासंगं बोलायची. "आवं, गुडघं लय दुखत्यात." "आवं, औंदा पेरू गोड हाय बगा."

पयल्यांदा मला हसू फुटायचं. मग हसू थांबलं. म्हातारी बोलायच्या आदीच पुढचं मला ठाव आसायचं. आन् मला बरफ आठवाय लागला. मी पेरूवरनं कवा लांब गेलो न्हाई. तरीबी बरफ, बंदूक, गारठल्याली बोटं.

त्येंची नात साक्षी कॉलेजात किडं शिकती. तिनं भिंग लावलं. "आज्जे, ही मुंगी न्हवं गं. हिला सोंड हाय, पाठीवर चंदेरी पट्टी. ह्यो ढेकण्या, पायलोफोरस वंशाचा. ह्येंची भावकी बी बदलली. शास्त्रज्ञांनी एका पोटकुळातनं काढून दुसऱ्यात घातलं."

"त्येंचंच त्येंस्नी ठरंना, आन् तू मला शिकवतीस व्हय गं?"

साक्षी हसली. मला बाटलीत कोंडलं, मारलं, कागदाच्या टोकावर चिकटावलं. कागदाला टाचणी, खाली नावाची चिठ्ठी. तिची किड्यांच्या नमुन्यांची पेटी म्हातारीम्होरं धरली. "बघ. आता तरी पटलं?"

मनुबाई वाकली. मग हळूच म्हणाली, "आवं, थंडी वाजती व्हय?"

वाजत हुती.

साक्षीच्या पेटीला कॉलेजात शाबासकी मिळाली. पर जिला मांडीवर घिऊन भरवली, त्या नातीच्या हातचं पाणी बी म्हातारी आता घेत न्हाई.