ओढून आणलेले अध्यक्ष

मित्रांनो, आमच्या जुन्या मोटारींच्या क्लबात लोक येतात ते चकचकीत गाड्यांचे फोटो काढायला. त्याच शेडमध्ये, भिंतीवरच्या खुंटीला टांगलेला, ज्याचा फोटो आजवर कुणीही काढलेला नाही, असा मी एक जुना दोर आहे. बंद पडलेली गाडी दुसऱ्या गाडीला बांधून ओढायची, हे माझे काम.

माझा जन्म घायपाताच्या धाग्यांतून झाला. तीन पेड एकमेकांभोवती घट्ट पिळून कारागिराने मला बनवले. दोन्ही टोकांना ताण देऊन बघत तो म्हणाला होता, "हा हत्तीलाही दाद देणार नाही." हत्ती माझ्या वाट्याला कधी आला नाही. आले ते या क्लबचे सभासद, आणि ते हत्तीपेक्षा जड निघाले.

क्लब छोटाच. बंद पडलेल्या तेलगिरणीमागची भाड्याची शेड, चहाची एक किटली, आणि सगळ्यांनी वर्गणी काढून भंगारवाल्याकडून सोडवून आणलेली एक गाडी. तिला सगळे 'हिरवी' म्हणतात. बाकीच्या गाड्या ज्याच्या त्याच्या. हिरवी मात्र क्लबची. जमाखर्च खजिनदार काका बघत. इथे पगार कुणालाच नाही. उलट रविवारची झोप मोडायची, घरच्यांची बोलणी खायची आणि वर हात काळे करून घ्यायचे. घरचे खाऊन लष्कराच्या भाकरी भाजणे म्हणतात, ते मी रोज डोळ्यांसमोर बघत आलो, आणि दर वेळी मला त्याचे नवल वाटत आले.

अध्यक्ष कसा निवडायचा, याचीही इथे वेगळीच तऱ्हा. पहिल्याच वार्षिक सहलीत आमच्यातल्या बेकरीवाल्याची गाडी बंद पडली. मला बांधून तिला आणावे लागले. ओढल्या जाणाऱ्या गाडीत बसणाऱ्याला काम थोडे असते. ब्रेक सांभाळायचा आणि दोर सैल पडू द्यायचा नाही. तेव्हा बेकरीवाल्याने वाटभर खिडकीतून डोके बाहेर काढून सहलीच्या व्यवस्थेला नावे ठेवली. शेडमध्ये पोचल्यावर सगळे एका सुरात म्हणाले, "एवढं कळतंय ना तुला? मग पुढच्या वर्षी तूच हो अध्यक्ष!"

थट्टेचा नियम झाला. सहलीत ज्याची गाडी ओढून आणावी लागेल, तो पुढच्या वर्षीचा अध्यक्ष. दुसरीकडे निवडणुकीला मतपेटी लागते. इथे मी लागत होतो. याचा मला भारी अभिमान होता. गाड्या जुन्या असल्यामुळे उमेदवारांची कधी वाण पडली नाही.

पण मित्रांनो, ओढून आणलेल्या अध्यक्षाला कटू काम नको असते. वर्गणी वाढवायला हवी, हे प्रत्येकाला दिसत होते, आणि प्रत्येक जण म्हणे, "पुढच्या वर्षी बघू." शेडचे भाडे वाढले, सहलीच्या विम्याचा हप्ता वाढला, वर्गणी मात्र होती तिथेच बसून राहिली. काका एकटेच तोंडमिळवणी करत. शेवटी एका सभेत ते उठले आणि म्हणाले, "मंडळी, माझ्याच्यानं आता एकट्यानं हे रेटवत नाही."

त्याच महिन्यात शेडच्या मालकाने निरोप धाडला. नवा करार करा, नाहीतर जागा सोडा. करारावर नव्या अध्यक्षाने जामीन म्हणून सही करायची. क्लबने भाडे थकवले, तर ते अध्यक्षाने आपल्या खिशातून भरायचे.

झाले! अध्यक्ष व्हायला कुणीच तयार होईना. त्या वर्षी सहलीआधी सभासदांनी गाड्यांची जी दुरुस्ती केली, तशी पूर्वी कधीच केली नव्हती. रबरी नळ्या बदलल्या, बॅटऱ्या नव्या घातल्या, प्लग घासून चकाचक केले. दातांच्या डॉक्टरांनी तर गाडी घरीच ठेवली आणि ते बसने आले. "मी आपला यंदा बघायला आलोय," ते म्हणाले, आणि कुणाच्याही नजरेला नजर देईनात.

गाड्या सुरळीत गेल्या, सुरळीत परतत होत्या. मी हिरवीच्या मागच्या डिकीत पडून होतो, आणि आयुष्यात पहिल्यांदा एखादी गाडी बंद पडावी म्हणून धावा करत होतो. कारण कुणीच बंद पडले नाही तर अध्यक्ष नाही. अध्यक्ष नाही तर सही नाही. आणि शेड गेली की हिरवीला परत भंगारवाल्याचे दार. शेवटचा चढ तेवढा राहिला होता.

त्या चढाच्या पायथ्याशी ताईंची गाडी थांबली.

ताई म्हणजे गाड्यांच्या सीटा शिवणाऱ्या बाई. वडिलांची छोटी गाडी त्यांनी मुलासारखी सांभाळली होती. त्या खाली उतरल्या, बॉनेट उघडले आणि ओरडल्या, "बंद पडली हो!" सगळ्यांनी सुटकेचा असा निःश्वास टाकला की मला डिकीत ऐकू आला.

काकांनी मला काढले. एक टोक हिरवीला, दुसरे ताईंच्या गाडीला. चढ सुरू झाला. हिरवी धापा टाकू लागली आणि माझा पेड न् पेड ताणला गेला. आता तुटतो की काय, असे वाटले आणि एकाएकी भार उतरला. मी चक्रावलो. मागची गाडी आपल्या पायांनी चढत होती! ताईंनी हळूच इंजिन सुरू केले होते. तेही असे बेताने की मी लोंबकळू नये, लोकांना कळू नये आणि म्हाताऱ्या हिरवीला ओझे होऊ नये. मित्रांनो, मी किती गाड्या ओढल्या. पण ओढले जात असताना ओढणाऱ्याचाच भार हलका करणारे माणूस मी प्रथमच पाहत होतो. माझ्या अंगावर काटा आला, आणि घायपाताला मुळात काटे असतातच, म्हणून तो कुणाला दिसला नाही.

वर पोचल्यावर काका मला सोडवायला आले. गरम बॉनेटवर हात ठेवून हळूच म्हणाले, "ताई, तुमची बंद गाडी चांगली चालते हो."

"काका, गप्प बसा," ताई म्हणाल्या. "सही कुठे करायची, तेवढं दाखवा."

"नीट विचार केलात ना? घरी काय सांगाल?"

"सांगेन, गाडी बंद पडली."

पहिल्याच सभेत त्या म्हणाल्या, "अंथरूण पाहून पाय पसरावेत हे खरं. पण आपलं अंथरूण इतकं आखूड झालंय की बसून झोपावं लागतंय. वर्गणी वाढणार." आरडाओरडा झाला. दोघे रागावून गेले आणि चहाच्या वेळेला परत आले. मग ताईंनी कामे वाटली. भाडे एकाने बघायचे, विमा दुसऱ्याने, आणि दर महिन्याला एकाने काकांजवळ बसून हिशोब शिकायचा.

"मला दात मोजता येतात हो, पैसे नाही," डॉक्टर म्हणाले.

"दातच समजा," ताई म्हणाल्या, "फक्त आपले उपटू नका म्हणजे झालं."

शेड राहिली. हिरवी राहिली. पुढच्या सहलीला आम्ही पुन्हा त्याच चढाच्या पायथ्याशी आलो. बेकरीवाल्याची गाडी थांबली. तिच्यामागे डॉक्टरांचीही थांबली.

"माझी आधी बंद पडली!"

"तुमची कसली बंद? मागून धूर येतोय की!"

दोन्ही गाड्या ठणठणीत होत्या. दोघे रस्त्यात उभे राहून भांडत होते, आणि ताई बॉनेटला टेकून हसता हसता रडत होत्या. मी काकांच्या खांद्यावर होतो. आता कुणाला बांधायचे ते त्यांना सुचेना.

मित्रांनो, आता माझे वय झाले. मधले अंग अजून मजबूत आहे. झिजलो तो टोकाशी, जिथे दर वेळी गाठ बसली. दोर टिकवायचा तर गाठीची जागा बदलत राहावी. माणसांचेही तसेच आहे. तुमच्या घरात, वर्गात, गल्लीत कुणीतरी एक जण नेहमी ओढत असेल. त्याला शाबासकी द्या, पण तेवढ्यावर थांबू नका. एखाद्या चढाच्या पायथ्याशी आपली चांगली चालणारी गाडी खुशाल बंद पाडा.